वैज्ञानिक शोधात अंतःप्रेरणेचं काम काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधन करणारे आणि करू पाहणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आमची भूमिका आधीच सांगतो. पुढचा प्रयोग कोणता करायचा हे ठरवताना अंतःप्रेरणा फार मोलाची असते. निकाल देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की घोटाळे सुरू होतात.

अंतःप्रेरणा म्हणजे नेमकं काय? ही काही गूढ शक्ती आहे का?

नाही. वर्षानुवर्षांच्या सरावातून डोक्यात असंख्य नमुने साठतात. समोर आलेली गोष्ट त्यांतल्या एखाद्याशी झटकन जुळते, पण ती कशी जुळली हे सांगता येत नाही. अंतःप्रेरणा म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग हे छान दाखवतो. खऱ्या डावातला पट ५ सेकंद दाखवून झाकला, तर तरबेज खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागच्या जागी मांडत असे. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती, त्याला डावांची ओळख होती. प्रयोगशाळेतही तसंच घडतं. आलेख पाहताक्षणी ‘या नमुन्यात काहीतरी भेसळ आहे’ असं ज्याला वाटतं, त्याने तसे शेकडो आलेख आधी पाहिलेले असतात.

यावरून कळतं की अंतःप्रेरणा विषयाला बांधलेली असते. एका क्षेत्रात नावाजलेल्या माणसाचं दुसऱ्या क्षेत्रातलं ‘मला आतून वाटतं’ हे कोणाही सुशिक्षित माणसाच्या अंदाजाइतकंच धरावं.

ती वाढवता येते का?

येते, पण दोन अटी आहेत. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची अंतःप्रेरणेबद्दलची मतं मुळात परस्परविरोधी होती, तरी २००९ मध्ये त्यांनी मिळून त्या मांडल्या. ज्या जगाबद्दल अंदाज करायचा त्यात पुरेशी नियमितता हवी, आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वारंवार कळायला हवं. दुसरी अट संशोधनात सर्रास पाळली जात नाही. निकाल सहा महिन्यांनी येतो, तोवर आपण आधी काय म्हटलं होतं ते विसरलेलं असतं, आणि निकाल पाहिल्यावर ‘हे मला वाटलंच होतं’ असं प्रामाणिकपणे वाटू लागतं.

म्हणून साधा नियम असा, की निकाल पाहण्याआधी तो काय येईल ते लिहा. आलेख काढण्याआधी त्याचा अंदाजे आकार हाताने रेखाटा. गणित संगणकाला देण्याआधी उत्तर किती अंकी येईल ते सांगा. आणि कच्चा डेटा स्वतःच्या डोळ्यांखालून घाला. सरासरी आणि प्रमाण विचलन एवढंच पाहणाऱ्याच्या डोक्यात नमुने साठत नाहीत. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याची रोपं स्वतः वाढवत, दाण्यांवरचे ठिपके आणि पानांवरचे पट्टे स्वतः पाहत, आणि त्याच वनस्पतीची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. गुणसूत्रांवरचे घटक जागा बदलतात हे त्यांना त्या ठिपक्यांच्या मांडणीतून दिसलं. नोबेल १९८३ मध्ये मिळालं, पण मूळ काम १९४०च्या दशकातलं.

रामानुजन यांचं काय? त्यांना तर सिद्धतेशिवायच सूत्रं सुचत होती.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

रामानुजन यांना सूत्रं सुचत ती रिकाम्या डोक्यात नाही. किशोरवयात त्यांच्या हाती कार यांचं गणिती निष्पत्तींचं संकलन आलं. त्यात हजारो निष्पत्ती होत्या आणि सिद्धता जवळपास नव्हत्या. त्या एकेक करून स्वतः सोडवण्यात त्यांची वर्षं गेली. ते पाटीवर गणित करत आणि वहीत फक्त शेवटचा निकाल उतरवत. त्यामुळे वह्या वाचणाऱ्याला निकाल आकाशातून पडल्यासारखे दिसतात. पाटीवर काय होतं, ते पुसलं गेलं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात मूळ संख्यांबद्दलचे दावे होते. दिलेल्या मर्यादेपर्यंत किती मूळ संख्या आहेत हे सांगणारं आपलं सूत्र विलक्षण अचूक आहे, असं त्यांना वाटत होतं. ते तितकं अचूक नव्हतं. झीटा हे मूळ संख्यांशी जोडलेलं फलन. ते ज्या संमिश्र संख्यांपाशी शून्य होतं, त्यांचा परिणाम त्यांनी धरलाच नव्हता, कारण तो भाग ते शिकले नव्हते. जिथे त्यांच्याकडे हजारो उदाहरणांचा हातखंडा होता, तिथे त्यांची दृष्टी थक्क करणारी होती. जिथे हाताने करता येणारी उदाहरणंच दिशाभूल करणारी होती, तिथे तेही फसले.

आणि तिसरी गोष्ट. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेत किती प्रकारे लिहिता येते, म्हणजे विभाजनं किती, यावर रामानुजन आणि हार्डी यांनी मिळून १९१८ मध्ये सूत्र दिलं. ते तपासायला गणितज्ञ मॅकमहन यांनी हाताने आकडेमोड केलेली होती. २०० या संख्येची विभाजनं ३९,७२,९९,९०,२९,३८८ आहेत. सूत्राची पहिली आठ पदं घेतली, तर उत्तर या आकड्याच्या इतकं जवळ येतं की फरक १ च्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. सुचणं, सिद्ध करणं आणि ताडून पाहणं, ही तिन्ही कामं इथे तिघांत वाटली गेली होती.

स्वप्नात शोध लागल्याच्या गोष्टी खऱ्या मानाव्यात का?

काही मानाव्यात, पण गोष्ट कधी सांगितली गेली ते आधी पाहावं. रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी बेंझिन या कार्बनी संयुगाची कड्यासारखी रचना १८६५ मध्ये मांडली. स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाची हकिकत त्यांनी सांगितली १८९० च्या सत्कार समारंभात, २५ वर्षांनंतर. तीत तथ्य असेलही, पण ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. शिवाय कार्बनला चार बंध असतात आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडून साखळी होते, हे त्यांनी १८५८ मध्येच मांडलं होतं.

औषधशास्त्रज्ञ ओटो लोवी यांची हकिकत अधिक उपयोगी आहे. चेतातंतू हृदयाला संदेश देतात तो रसायनाच्या मार्फत, असा विचार त्यांच्या मनात १९०३ पासून होता, पण तपासायचा कसा हे सुचत नव्हतं. १९२० च्या सुमारास एका रात्री जाग आली, त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी ते अक्षर त्यांना वाचता येईना. पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग असा होता. बेडकाची दोन हृदयं क्षारद्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याला व्हेगस हा हृदयाची गती कमी करणारा चेतातंतू जोडलेला, दुसऱ्याचा काढलेला. पहिल्याच्या तंतूला विद्युत उत्तेजना दिली, त्याची गती मंदावली. मग त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्यात घातलं. तंतू नसलेलं दुसरं हृदयही मंदावलं. म्हणजे द्रावणात काहीतरी उतरलं होतं. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

लोवी यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलं, की दिवसा नीट विचार केला असता तर हा प्रयोग केलाच नसता. तंतूपासून सुटलेलं रसायन स्नायूला पुरेल इतकंच असणार, ते उतू जाऊन द्रावणात उतरेल हे तर्काला पटणारं नव्हतं. इतरांना सुरुवातीला हा परिणाम सहज मिळाला नाही, आणि १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्यांनी तो सर्वांसमोर करून दाखवला. या हकिकतीत स्वप्नाइतकाच महत्त्वाचा आहे तो १७ वर्षं उघडा राहिलेला प्रश्न.

व्यवहारात एवढं करा, की उशाशी वही आणि पेन ठेवा आणि सुचलेलं पूर्ण वाक्यात लिहा. एका शब्दावरून सकाळी काहीही आठवत नाही.

‘चमकतं’ तेव्हा मेंदूत काय होतं?

जेवढं नक्की म्हणता येतं तेवढंच सांगतो. जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीबी यांनी १९८७ मध्ये लोकांना कोडी सोडवताना दर काही सेकंदांनी ‘उत्तराच्या किती जवळ आहात’ असं विचारलं. साध्या बीजगणितात ही जाणीव हळूहळू वाढत गेली. अचानक सुटणाऱ्या कोड्यांत ती शेवटपर्यंत सपाट राहिली आणि एकदम उसळली. म्हणून ‘मी आता अगदी जवळ आलोय’ या भावनेवरून वेळापत्रक आखू नये.

२००४ मध्ये युंग-बीमन, बाउडेन आणि सहकाऱ्यांनी शब्दकोडी सुटतानाची मेंदूची नोंद घेतली. अचानक उत्तर मिळण्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानशिलामागच्या भागात जलद लहरींची उसळी दिसली. त्याच वर्षी वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आकड्यांच्या एका कामातला छुपा नियम रात्रभर झोपलेल्यांना, न झोपलेल्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात सापडला. पण झोपण्याआधी त्या सगळ्यांनी ते काम करून पाहिलेलं होतं, हे विसरू नये.

अडलं की काम बाजूला ठेवावं म्हणतात. नेमकं कसं ठेवायचं?

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये चार टप्पे सांगितले: तयारी, मुरवण, उजेड, पडताळणी. त्यांच्या मुळाशी गणितज्ञ आँरी प्वँकारे यांनी १९०८ मध्ये सांगितलेला अनुभव आहे. १५ दिवस ते विशिष्ट प्रकारची फलनं असूच शकत नाहीत हे सिद्ध करायला झटत होते. मग एका रात्री झोप लागेना आणि उलट तशी फलनं असतात हे ध्यानात आलं. पुढे कुतांस इथे बसच्या पायरीवर पाऊल ठेवताना, त्या फलनांतली रूपांतरं अयुक्लिडीय, म्हणजे शाळेतल्या युक्लिडच्या भूमितीहून वेगळ्या, भूमितीतल्या रूपांतरांसारखीच आहेत हे सुचलं. त्या क्षणी त्यांनी पडताळा घेतला नाही, गप्पा चालू ठेवल्या, आणि कॉं इथे परतल्यावर सवडीने तपासून पाहिलं.

तुम्ही असं करा:

१. खरोखर अडेपर्यंत काम करा. किमान दोन-तीन वेगळ्या वाटांनी प्रयत्न झालेला हवा.
२. कुठे अडलं ते एका वाक्यात लिहा. ‘समीकरण सुटत नाही’ हे पुरेसं नाही. ‘कडेची अट लावली की दुसरं पद अनंताकडे जातं, आणि ते काढायला कारण सापडत नाही’ असं लिहा.
३. डोक्याला हलकं काम घ्या, म्हणजे चालणं, आवराआवर, उपकरणं धुणं. या विषयावरच्या प्रयोगांचा २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मेरॉड यांनी एकत्रित आढावा घेतला. विश्रांतीचा फायदा खरा असल्याचं त्यात दिसलं, आणि शब्दकोड्यांच्या बाबतीत हलकं काम हे पूर्ण आरामापेक्षा किंवा जड कामापेक्षा बरं ठरलं.
४. परत बसायची वेळ ठरवून ठेवा.

बिघडतं ते बहुधा पहिल्या पायरीवर. तयारी न करता नुसतंच बाजूला ठेवलेलं काम मुरत नाही, ते फक्त शिळं होतं.

पण मला पक्की खात्री वाटते. एवढी खात्री उगाच वाटेल का?

वाटते, आणि एका माणसाला नव्हे, अख्ख्या क्षेत्राला वाटते.

मूळ संख्यांचंच घ्या. दहा लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत. मूळ संख्या किती असतील याचा अंदाज देणारं गाउस यांचं एक सूत्र आहे, लॉगॅरिदमिक इंटिग्रल. त्याचा अंदाज त्याहून सुमारे १३० ने जास्त येतो. जितके म्हणून आकडे प्रत्यक्ष तपासले गेले आहेत, त्या सगळ्यांत हा अंदाज जास्तच निघाला. कोणालाही वाटेल की तो कायम जास्तच राहणार. १९१४ मध्ये लिटलवुड यांनी सिद्ध केलं की तो कधी कमी, कधी जास्त, असा अनंत वेळा पलटतो. पहिला पलटा नेमका कुठे आहे ते आजही माहीत नाही. १ वर ३१६ शून्यं एवढ्या आकाराच्या संख्यांजवळ एक पलटा आहे, एवढं दाखवता आलंय. अब्जावधी उदाहरणं एका बाजूला होती, तरी निष्कर्ष चुकीचा होता.

पदार्थविज्ञानातलं उदाहरण त्याहून बोचरं आहे. निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करत नाही, हे १९५६ पर्यंत इतकं उघड मानलं जाई की पाउली यांच्यासारख्या मोठ्या पदार्थवैज्ञानिकांनाही उलट शक्यता पटतच नव्हती. ली आणि यांग यांनी जुने प्रयोग चाळले तेव्हा दिसलं, की क्षीण बलाच्या, म्हणजे काही किरणोत्सारी ऱ्हासांमागच्या बलाच्या, बाबतीत हे कोणी तपासलेलंच नाही. च्येन-शिउंग वू यांच्या गटाने कोबाल्ट-६० चे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागापर्यंत थंड केले, चुंबकीय क्षेत्राने त्यांची फिरकी एका दिशेला आणली, आणि इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूने जास्त बाहेर पडतात ते मोजलं. ते फिरकीच्या उलट दिशेने जास्त निघत होते, म्हणजे निसर्ग इथे डाव्या-उजव्यात भेद करत होता. १९५७ च्या सुरुवातीला प्रश्न मिटला.

म्हणून ‘मला खात्री आहे’ असं वाटलं की लगेच विचारावं: हे कोणी, केव्हा, कोणत्या अचूकतेने मोजलंय? उत्तर ‘सगळ्यांना माहीतच आहे’ असं आलं, तर तिथे चांगला प्रयोग दडलेला असू शकतो.

अंतःप्रेरणा हमखास कुठे फसते?

घातांकी वाढीत. ०.१ मिमी जाडीचा कागद ४२ वेळा दुमडता आला, तर जाडी सुमारे ४,४०,००० किमी होईल, म्हणजे चंद्राच्याही पलीकडे.

प्रमाणांत. पृथ्वीच्या विषुववृत्ताला घट्ट गुंडाळलेल्या दोरीत फक्त १ मीटर भर घातली, तर ती सगळीकडे जमिनीपासून सुमारे १६ सेमी वर उचलली जाते. चेंडूभोवती गुंडाळली तरी तेवढीच.

संभाव्यतेत तर फारच. हजारात एकाला असलेला आजार शोधणारी चाचणी ९९ टक्के अचूक आहे असं धरा, आजारी आणि निरोगी दोघांच्या बाबतीत. लाख लोकांत १०० आजारी, त्यांतले ९९ सापडतील. उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांत ९९९ जणांना चुकून आजारी ठरवलं जाईल. म्हणजे चाचणी ‘होय’ म्हणाली तरी आजार असण्याची शक्यता ९ टक्केच. या तिन्ही ठिकाणी अंदाज बाजूला ठेवून थेट कागद-पेन्सिल घ्यावी.

कल्पना सुचली. पहिल्या तासाभरात काय करू?

आधी लिहा: तारीख, दावा एका वाक्यात, तो का वाटतो, किती टक्के खात्री आहे, आणि काय दिसलं तर तो खोटा मानाल. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती अजून वैज्ञानिक कल्पना झालेली नाही.

मग तपासणी. एकक जुळतात का? आकडा किती अंकी? टोकाच्या अवस्थेत, म्हणजे तापमान शून्याकडे, वस्तुमान अनंताकडे, अंतर खूप मोठं, अशा ठिकाणी तुमचं सूत्र आधीच माहीत असलेल्या उत्तराकडे जातं का? बहुतेक चुकीच्या कल्पना इथेच, वीस मिनिटांत आणि फुकटात मरतात.

टिकली, तर तिला मारू शकेल असा सगळ्यात स्वस्त प्रयोग शोधा. इथे माणसं चुकतात. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला होता. लोक ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे त्रिकूट सुचवत, दरवेळी ‘नियमात बसतं’ असं उत्तर येई, आणि ते ठामपणे ‘दोनने वाढणारे’ असं सांगत. खरा नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. १, २, ३ हे एकच त्रिकूट विचारलं असतं तरी डोळे उघडले असते. आपल्या कल्पनेनुसार जे बसू नये, ते करून पाहा.

ठरलेली पद्धत सोडून मनात आलं म्हणून प्रयोग बदलला, तर चूक का?

नाही, फक्त बदल नोंदवा. ऑक्टोबर १९३४ मध्ये रोममध्ये पदार्थवैज्ञानिक फर्मी यांचा गट चांदीवर न्यूट्रॉन सोडत होता. संगमरवरी टेबलावर आणि लाकडी टेबलावर चांदीच्या किरणोत्सारितेचे वेगवेगळे आकडे येत होते, याने सगळे चक्रावले होते. फर्मी यांनी मध्ये ठेवायला शिशाचा तुकडा काळजीपूर्वक तयार करवून घेतला होता. तो ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी अचानक तो बाजूला सारून पॅराफिन मेण घेतलं. किरणोत्सारिता कित्येक पटींनी वाढली. काही तासांत कारणही सापडलं. पॅराफिनमध्ये हायड्रोजन भरपूर असतो. त्याचं अणुकेंद्र न्यूट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचं, त्यामुळे प्रत्येक टकरीत न्यूट्रॉन सरासरी निम्मी ऊर्जा गमावतो, आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात अधिक सहज शोषला जातो. मग त्यांनी जवळच्या तळ्यातल्या पाण्यातही ते करून पाहिलं. तोच परिणाम आला.

टेबलांतल्या फरकाकडे ‘उपकरणाची चूक’ म्हणून दुर्लक्ष झालं असतं, तर पॅराफिन सुचण्याची वेळच आली नसती. आमच्या मते या हकिकतीतली खरी अंतःप्रेरणा तीच: कोणता त्रासदायक फरक सोडून द्यायचा नाही हे ओळखणं.

आपल्याच कल्पनेच्या प्रेमात पडू नये म्हणून काय करता येतं?

इच्छाशक्ती पुरत नाही, व्यवस्थाच हवी. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक ब्लाँडलो यांनी १९०३ मध्ये ‘एन-किरण’ नावाचे नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत फिकट ठिणगी किंचित उजळते की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं, अशी त्यांची पद्धत होती. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड पाहायला आले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. लोलकाशिवाय किरण तसे दिसायलाच नको होते, तरी निरीक्षकांना ते पूर्वीसारखेच दिसत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं दिसतच होतं.

नमुने ब्लाइंड करायची, म्हणजे कोणता नमुना कशाचा हे मोजणाऱ्यापासून लपवायची, साधी रीत अशी: प्रयोगात नसलेल्या माणसाने यादृच्छिक क्रमांक काढून नळ्यांवर चिकटवावेत, कोणता क्रमांक कशाचा ते सांगणारा किल्लीचा कागद बंद पाकिटात ठेवावा, तुम्ही मोजमाप आणि विश्लेषण पूर्ण करावं, आणि मगच पाकीट उघडावं. कोणती मापं वगळायची याचा नियमही पाकीट उघडण्याआधी लिहिलेला हवा.

गळती कुठून होते? झाकणांचे रंग वेगळे असतात. औषध घातलेल्या नळ्या आधी भरल्या म्हणून त्या सगळ्या रॅकच्या डाव्या बाजूला असतात. निम्म्या मापांनंतर ‘फक्त बघूया’ म्हणून पाकीट उघडलं जातं आणि आकडे मनासारखे दिसले की तिथेच मोजणं थांबतं. हे तिसरं फार घातक आहे, कारण ते करणाऱ्याला आपण काही गैर केलं असं वाटतच नाही.

डेटा आधीच गोळा झालेला असेल तर सुरुवातीलाच यादृच्छिकपणे ३० टक्के भाग बाजूला कुलपात ठेवा. उरलेल्या ७० टक्क्यांत मनमुराद शोधा, कल्पना करा. शेवटी एकच कल्पना घेऊन तो ३० टक्के भाग एकदाच उघडा. दुसऱ्यांदा उघडला की त्याची किंमत संपली.

माझी अंतःप्रेरणा कितपत विश्वासार्ह आहे हे मोजता येतं का?

येतं. वर सांगितलेल्या नोंदींत टक्के लिहिलेत ना, त्यांचा हिशेब करा. प्रत्येक नोंदीसाठी दावा खरा ठरला तर १, खोटा ठरला तर ०. तुमच्या टक्क्यांतून (८० टक्के म्हणजे ०.८) तो वजा करून वर्ग करा. ८० टक्के म्हटलं आणि खरं ठरलं तर ०.०४, खोटं ठरलं तर ०.६४. सगळ्यांची सरासरी काढा. दरवेळी डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त असेल, तर तुमची खात्री तुमचं नुकसानच करते आहे. तीस-चाळीस नोंदींच्या आत निष्कर्ष काढू नका, आणि विषयवार वेगळा हिशेब ठेवा. उपकरण का बिघडलं याचे अंदाज आणि सिद्धांत कोणता बरोबर याचे अंदाज एकत्र करू नका. पहिल्यात माणसं बरीच चांगली असतात.

शोधनिबंधात ‘आम्हाला असं वाटलं’ हे लिहावं का?

कल्पना कुठून आली हे लिहायला काहीच हरकत नाही. तत्त्वज्ञ रायखेनबाख यांनी १९३८ मध्ये शोधाचा संदर्भ आणि समर्थनाचा संदर्भ वेगळे केले ते याचसाठी. कल्पना स्वप्नातून येवो की चुकून, तिचं समर्थन पुराव्यानेच होतं. जे करू नये ते हे: डेटा पाहून सुचलेली कल्पना ‘आमचं आधीपासूनचं गृहीतक’ म्हणून मांडणं. त्याने वाचकाची फसवणूक होते, कारण ज्या डेटातून कल्पना निघाली तोच तिची परीक्षा घेऊ शकत नाही.

यंत्र आता अंतःप्रेरणेचं काम करेल का?

काही अंशी करतंय. २०२१ मध्ये गाठींच्या गणितात मशीन लर्निंगने दोन वेगळ्या प्रकारच्या राशींत संबंध असल्याचं सुचवलं. गणितज्ञांनी त्यावरून पहिलं अनुमान मांडलं ते चुकीचं निघालं, प्रतिउदाहरणं सापडली. मग ते दुरुस्त करून सिद्ध केलं. सुचवणारं बदललं, पुढची वाट तीच राहिली.

गाईडची अंतःप्रेरणा एक म्हणते आणि माझं गणित दुसरं. काय करू?

खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांना हे फार मोठ्या प्रमाणावर सोसावं लागलं. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी तो उडवून लावला. गणितातली चूक त्यांनी दाखवली नाही. तारा असा विचित्र वागू नये, निसर्गात त्याला रोखणारा काहीतरी नियम असलाच पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. निष्कर्ष टिकला, आणि १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं.

तेव्हा वाद घालण्याऐवजी विचारा, ‘सर, तुमचं बरोबर असेल तर कोणत्या मापात काय दिसेल?’ आणि ‘माझं बरोबर असेल तर काय दिसेल?’ दोन्ही उत्तरं एकाच कागदावर लिहून दोघांनी तारीख टाका. ज्या मापात दोन्ही आकडे त्रुटीच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगळे येतात, ते माप आधी घ्या. मात्र अनुभवी माणसाचं ‘काहीतरी चुकतंय’ हे वाक्य कधी झटकून टाकू नका. काय चुकतंय हे त्यांना सांगता येत नसलं तरी गणित एकदा नव्याने, वेगळ्या वाटेने करा.

एखाद्या कल्पनेमागे किती दिवस लागावं?

दिवस मोजू नका, तिने काय दिलं ते पाहा. दर तीन-चार महिन्यांनी विचारा: या कल्पनेने आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट बरोबर सांगितली का? की फक्त प्रत्येक नव्या अडचणीसाठी एक नवी सवलत मागितली? सलग दोनदा दुसरंच उत्तर आलं तर बाजूला ठेवा.

वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं. मूळ कल्पना बरोबर होती, पण सरकवणारं बल म्हणून त्यांनी सुचवलेली कारणं फारच दुबळी होती, आणि ग्रीनलंडच्या सरकण्याचा त्यांचा वेग वर्षाला अनेक मीटर निघत होता. प्रत्यक्षात हा वेग सेंटिमीटरमध्ये आहे. भूवैज्ञानिकांचे आक्षेप रास्त होते. समुद्रतळ पसरतो आहे हे दाखवणारे तळावरचे चुंबकीय पट्टे सापडल्यावर, १९६०च्या दशकात, चित्र पालटलं. म्हणून कल्पना सोडताना तिचे तुकडे करा: कोणता भाग पुराव्यावर उभा आहे, कोणता फक्त जोडकाम आहे. जोडकाम टाकून द्या, बाकीचं नोंदवहीत ठेवा.

आणि केप्लर यांचं उदाहरण जवळ बाळगा. त्यांनी मंगळाची वर्तुळाकार कक्षा वर्षानुवर्षं खपून बसवली होती. खगोलनिरीक्षक टायको ब्राहे यांच्या निरीक्षणांशी फरक उरला तो ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे आकाशातल्या चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा. टायको इतके चुकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून वर्तुळ सोडलं, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जाहीर केलं. पाच नियमित घनाकृतींवर ग्रहांची रचना बेतलेली आहे ही तरुणपणची लाडकी कल्पना मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही, १६२१ मध्ये ती पुन्हा छापलीही. तुमच्या मोजमापाची त्रुटी किती आहे हे आकड्यात माहीत असेल, तरच ८ कलांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे की नाही ते ठरवता येतं. ती आधी काढा.